थांबवून पाहिलेली उडी

ग्रंथालयात सिनेमांचं कपाट असेल तर त्यातला साहसपट आणि मारधाडपटांचा खण ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. डिस्कच्या सगळ्यांत झिजलेल्या डब्या तिथेच असतात. कडा पांढुरक्या पडलेल्या, बिजागरीपाशी चिरलेल्या, बाहेरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटत आलेला. शेजारच्या खणातले गंभीर सिनेमे बहुधा कोरे करकरीत राहतात. तरीही या झिजक्या खणासमोर उभा असलेला माणूस जरा अवघडतो आणि हातातली डबी दोन जाड पुस्तकांखाली सरकवून देवघेवीच्या टेबलाकडे जातो, असं मी बरेचदा पाहिलं आहे. जणू ग्रंथालयात येऊन हे नेणं म्हणजे काहीतरी उणं वागणं. मला हे अजिबात मान्य नाही. ग्रंथालयाने जपून ठेवावं आणि वाचकाने घरी नेऊन निवांत पाहावं असं सिनेमात जे काही आहे, त्यात या खणाचा हक्क पहिला, असं माझं ठाम मत आहे.

साहसपट हा माणसाच्या अंगमेहनतीचा दस्तऐवज असतो. कुणीतरी खरंच धावलेलं असतं, खरंच पडलेलं असतं. थिएटरात तो आपल्या अंगावरून धो धो वाहून जातो, आणि त्या वाहून जाण्यातही मोठं सुख आहे. पण एखादी उडी पडद्यावर जेमतेम दोन सेकंद टिकते आणि तेवढ्यासाठी बऱ्याच माणसांनी अंतरं मोजलेली असतात, दोर ताणून पाहिलेले असतात, पडण्याची जागा पुन्हा पुन्हा तपासलेली असते. ते काम दिसायचं तर सिनेमा थांबवता यायला हवा, मागे नेता यायला हवा. घरी आणलेल्या डिस्कचा मला सगळ्यांत मोठा उपयोग हाच वाटतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, म्हणजे दोन सेकंदांच्या उडीची ४८ चित्रं होतात. रिमोटवरच्या त्या छोट्या बटणाने ती एकेक करून पुढे सरकवली की उडी मारणारा माणूस पहिल्यांदा नीट भेटतो.

बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) घ्या. आगगाड्यांच्या पाठलागाचा हा मूकपट. पुढे पळणाऱ्या शत्रूने रुळांवर लाकडी स्लीपर टाकून ठेवलेत. कीटन इंजिनातून उतरून पुढे धावतो आणि एक स्लीपर कसाबसा उचलतो, तोवर मागून हळूहळू येणारं त्याचंच इंजिन त्याला तोंडाशी असलेल्या लोखंडी जाळीवर उचलून घेतं. आता तो जाळीवर बसलाय, मांडीवर तो जड स्लीपर, आणि समोर रुळावर आणखी एक आडवा पडलेला. उतरायला वेळ नाही. तो हातातला स्लीपर उचलतो आणि समोरच्याच्या नेमक्या टोकावर आपटतो. टोक दाबलं जातं, दुसरी बाजू उसळते आणि दोन्ही लाकडं रुळाबाहेर. गाडी पुढे. नेम चुकला असता तर इंजिन रुळांवरून घसरायचं, आणि सगळ्यांत पुढे बसलेला माणूस तो स्वतः होता.

पहिल्यांदा पाहताना मी हसून मोकळा झालो होतो. पुढे एकेक चित्र सरकवत पाहिलं तेव्हा त्या फेकीआधीचा क्षण मला जास्त मोठा वाटला. अंगावरच्या ओझ्याचा तोल, पाठीचा बाक, आणि चेहऱ्यावर काहीही नाही. धाडस करतोय असं तो कुठेही दाखवत नाही. हाती आलेलं काम उरकायचं, बस. याच सिनेमात पेटलेला पूल कोसळून एक इंजिन नदीत पडतं, तेही खरंखुरं इंजिन होतं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ते दृश्य घेतलं, आणि ते एकदाच घेता येणार होतं. प्रदर्शित झाला तेव्हा या सिनेमाचं फारसं स्वागत झालं नाही. अमेरिकेने राष्ट्रीय चित्रपट नोंदणी सुरू केली तेव्हा १९८९च्या पहिल्याच २५ सिनेमांत मात्र त्याला जागा मिळाली. मधल्या साठेक वर्षांत प्रती कुणीतरी सांभाळल्या, लोकांनी त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या, म्हणून हे घडू शकलं.

कपाटासमोर उभं राहून मी दोन-दोन डिस्क जोडीने निवडतो, कारण एकमेकांशेजारी ठेवल्या की त्या बोलू लागतात. ‘स्टेजकोच’ (१९३९) आणि ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) ही माझी आवडती जोडी. पहिल्यात याकिमा कनट हा स्टंटमन भरधाव घोडागाडीच्या सर्वांत पुढच्या घोड्यांवर झेपावतो, गोळी लागल्यावर दोन घोड्यांच्या मधे खाली येतो, जमिनीवरून फरफटत जातो आणि हात सोडतो. सहा घोडे आणि अख्खी गाडी त्याच्या अंगावरून निघून जाते. गाडी गेल्यावरही थोडं थांबा. धुळीत पडलेला तो देह वळतो, उठू पाहतो. बाहुली नव्हती, माणूस होता.

चार दशकांनी ‘रेडर्स’मध्ये घोड्यांच्या जागी ट्रक येतो. नायक ट्रकच्या पुढून खाली जातो, खालून सरपटत मागे येतो आणि मागच्या बाजूने पुन्हा वर चढतो. ट्रकखालचा हा प्रवास टेरी लिओनार्ड या स्टंटमनने केला, आणि अंग मावावं म्हणून रस्त्याच्या मधोमध चर खणला होता. हे कळल्यावर मी ते दृश्य थांबवून पाहिलं. त्याने थरार तसूभरही कमी झाला नाही, उलट वाढला. चर किती खोल असावा, ट्रकचा वेग किती ठेवावा, हात कुठे धरावा, हे सगळं ठरवणारी माणसं मला त्या चौकटीत दिसू लागली. आधीच्या पिढीतल्या एका माणसाने घोड्यांखाली जे केलं त्याला पुढच्या पिढीने केलेला हा नमस्कारच आहे. दोन्ही डिस्क एकाच आठवड्यात घरी असल्या तर तो नीट पोचतो.

कनटचं नाव एकदा कळलं की ते बाकीच्या डब्यांमध्येही सापडत जातं. ‘बेन-हर’ (१९५९) मधली रथांची शर्यत उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्या शर्यतीत नायकाचा रथ अडथळ्यावरून उसळतो आणि सारथी पुढच्या बाजूने उलटा फेकला जातो. ते दृश्य करणारा कनटचाच मुलगा, जो. त्याने इतकं उलटं फेकलं जावं असं ठरलेलं नव्हतं. तो रथाला धरून राहिला आणि हनुवटीवरच्या जखमेवर निभावलं. दृश्य सिनेमात तसंच ठेवलं आणि नायक चार्लटन हेस्टन रथात परत चढतो असा तुकडा नंतर घेऊन जोडला. जोड कुठे आहे ते थांबवून पाहिलं तर सापडतं. ते शोधताना बापलेकांच्या त्या दिवसाचा विचार मनातून जात नाही. बाप ही सगळी आखणी करतोय आणि रथात मुलगा आहे.

जॅकी चॅनच्या ‘पोलीस स्टोरी’ने (१९८५) तर थांबवून, मागे नेऊन पाहण्याचं काम स्वतःच करून ठेवलंय. बाजारसंकुलाच्या वरच्या मजल्यावरून तो एका खांबावर झेप घेतो, खांबाला गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा फोडत खाली घसरतो आणि काचेतून आरपार जमिनीवर येतो. सिनेमा ही घसरण वेगवेगळ्या कोनांतून लागोपाठ तीनदा दाखवतो. त्याचे हात भाजून निघाले होते. कथेच्या हिशेबाने एकदा दाखवणं पुरेसं होतं. पण इथे कथा क्षणभर बाजूला उभी राहते आणि माणसाने केलेल्या कामाला वाट करून देते, आणि मला हे फार योग्य वाटतं. शेवटी नावं सरकताना चुकलेल्या, आपटलेल्या प्रयत्नांचे तुकडेही दाखवलेत. डिस्क काढून ठेवण्याची घाई केली तर ते राहून जातात.

जुन्या डिस्कबद्दल एक तक्रार नेहमी कानावर येते, की ऐन रंगात आल्यावर अडकते. याचं एक साधं कारण आहे. डीव्हीडी १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची, आणि तीही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली. तिच्यावरची माहिती आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते. लांबलचक सिनेमाला एक थर पुरत नाही, म्हणून दोन थर वापरतात. अशा डिस्कमध्ये बहुधा पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत वाचला जातो. म्हणजे सिनेमा साधारण मध्यावर येतो तेव्हा लेझर डिस्कच्या बाहेरच्या कडेपाशी पोचलेला असतो, आणि कडेलाच सगळ्यांची बोटं लागलेली असतात. पाठलाग निम्म्यावर आला की चित्राचे चौकोन होतात ते त्यामुळे.

म्हणून घरी आणलेली डिस्क मी आधी मऊ कोरड्या फडक्याने पुसतो, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नये. माहिती डिस्कवर गोल वळणांत लिहिलेली असते. मध्यापासून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा या वळणाला क्षणभरच छेदतो, आणि तेवढी उणीव भरून काढण्याची सोय डिस्कमध्ये असते. वळणाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग मोठा भाग खातो. ब्लू-रेमध्ये माहिती पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असते, त्यामुळे तिच्यावर मुळातच कठीण लेप दिलेला असतो आणि ती हाताळणी जरा बरी सोसते. आपल्यानंतर ती डिस्क नेणारा माणूसही तोच पाठलाग पाहणार असतो. परत करतानाही पुसून द्यावी, आणि अडकत असेल तर टेबलावर तसं सांगावं. गुपचूप परत ठेवलेली खराब डिस्क महिनोन्‌महिने सगळ्यांना त्रास देत फिरते.

या खणात जे नाही त्याबद्दलही सांगायला हवं. ‘द जनरल’ मला विनोदी किंवा अभिजात सिनेमांत सापडतो. कुरोसावाचा ‘सेव्हन समुराय’ (१९५४) आणि क्लूझोचा ‘द वेजेस ऑफ फिअर’ (१९५३) परभाषी सिनेमांच्या खणात. लायब्ररी ऑफ काँग्रेसने सिनेप्रकारांची जी नावं ठरवली आहेत त्यांत अ‍ॅक्शन आणि अ‍ॅडव्हेंचर हा एकच जोडप्रकार आहे, आणि तालिकेतल्या, म्हणजे ग्रंथालयाच्या संग्रहाच्या यादीतल्या, एका नोंदीला असे दोन-तीन प्रकार लावता येतात. डबी मात्र एकाच जागी ठेवता येते. त्यामुळे कपाटावर विसंबू नये, संगणकावरच्या तालिकेत प्रकारानुसार शोध घ्यावा. कुरोसावाने शेवटची पावसातली लढाई एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपली. चिखलात घसरणारे घोडे आणि माणसं आपण कडेला उभं राहून पाहतोय असं वाटतं. हल्लीच्या कितीतरी लढायांची मुळं तिथे आहेत. आणि क्लूझो तर पहिला बराच वेळ काहीच घडू देत नाही, माणसं एका गावात नुसती अडकून पडलेली. मग नायट्रोग्लिसरिन भरलेले दोन ट्रक निघतात. डोंगरातल्या वळणावर कुजलेल्या लाकडी फळ्यांच्या मचाणावर ट्रक मागे घ्यावा लागतो ते दृश्य पाहताना मी आजही खुर्चीच्या कडेला येतो. हे सिनेमे परभाषी म्हणून वेगळ्या खणात गेल्याने, मारधाडपट म्हणजे ठरावीक साचा असा समज उगीच पक्का होतो.

हे सगळं घरबसल्या इंटरनेटवर मिळतं की, मग डिस्क कशाला, असं मला विचारतात. मिळतं, आणि मीही पाहतो. पण विकत घेतलेली प्रत आणि भाड्याने मिळालेला परवाना यांत फरक आहे, आणि तो ग्रंथालयाच्या मुळाशी जातो. अमेरिकेत १९७६च्या कायद्यानुसार कायदेशीर प्रत विकत घेतली की ती उसनी द्यायला पुन्हा परवानगी लागत नाही. ग्रंथालयाने एकदा पैसे मोजले की ती डिस्क झिजेपर्यंत कितीही माणसांनी न्यावी. ऑनलाइन सेवेत मात्र ग्रंथालयाकडे प्रत नसतेच. ग्रंथालयांमार्फत सिनेमे दाखवणाऱ्या कॅनोपीसारख्या सेवेत दर पाहण्यामागे ग्रंथालयाला पैसे पडत. लोक जितके जास्त पाहतील तितका ग्रंथालयाचा खर्च वाढणार! न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने खर्च परवडेना म्हणून जुलै २०१९पासून ती सेवा बंद केली. टपालाने डिस्क पाठवण्याची नेटफ्लिक्सची सेवाही सप्टेंबर २०२३मध्ये संपली. परवान्याची मुदत सरली की सिनेमा यादीतून जातो, आणि पाहणाऱ्याला तो का गेला हेही कळत नाही. कपाटातली डबी तिथेच असते.

डिस्कवर आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे सिनेमाबरोबर चालणारं भाष्य. तिची सुरुवात एका साहसपटापासूनच झाली. १९८४मध्ये ‘किंग काँग’ची (१९३३) लेझरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती, निघाली, तिच्यावर रोनाल्ड हेवर या अभ्यासकाने दुसऱ्या ध्वनिपट्टीवर सिनेमा समजावून सांगितला होता. तेव्हापासून दिग्दर्शक, छायालेखक, संकलक स्वतःच्या आवाजात सांगू लागले. उसनी आणलेली डिस्क मी शक्यतो दोनदा पाहतो. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा भाष्य लावून. परतीची तारीख डोक्यावर असल्याने दोन्ही होतात. स्वतः विकत घेतलेल्या डिस्क वर्षानुवर्षं गुंडाळीतच राहतात, हा अनुभव पुष्कळांना असेल.

अलीकडच्या सिनेमांत सगळं संगणकावर होतं, मग अंगमेहनत कुठे उरली, असंही म्हटलं जातं. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ (२०१५) आणून पाहा. धावत्या गाड्यांवर उभारलेल्या लवचीक खांबांच्या टोकाला झुलणारी ती माणसं खरी आहेत. दिग्दर्शक जॉर्ज मिलर आणि छायालेखक जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यावर ठेवण्याचा नेम केला, म्हणून संकलक मार्गारेट सिक्सेल यांना इतक्या वेगाने तुकडे जोडता आले, आणि तरी नजर कुठेच हरवत नाही. सिक्सेल यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं. खांबावर झुलणाऱ्यांसाठी ऑस्करमध्ये विभागच नव्हता. कनटला १९६७मध्ये मानद पुरस्कार दिला गेला, पण स्टंटकामासाठी कायमचा विभाग व्हायला फार वेळ गेला. अकादमीने २०२५मध्ये तो जाहीर केला. २०२७मधल्या सिनेमांना, २०२८च्या शंभराव्या सोहळ्यात, पहिल्यांदा हा पुरस्कार मिळेल.

आपल्याकडे हे काम करणारी बाई होऊन गेली, हेही इथेच सांगतो. पर्थमध्ये जन्मलेली मेरी एव्हान्स, वाडिया मूव्हीटोन या चित्रपटसंस्थेची ‘फिअरलेस नादिया’. होमी वाडिया यांचा ‘हंटरवाली’ १९३५चा, आणि पुढच्या वर्षीचा ‘मिस फ्रंटियर मेल’, ज्यात ती आगगाडीच्या टपावर चढून गुंडांशी दोन हात करते. कीटनच्या ‘जनरल’नंतर दहाच वर्षांनी! ही दोन नावं एका खणात शेजारी यावीत अशी माझी फार इच्छा आहे, आणि मागणीच्या वहीत मी नादियाचं नाव लिहून ठेवलं आहे.

त्याच दिवशी तालिकेविषयीचं एक बोलणंही काढलं. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदीत सिनेमातल्या कलाकारांसाठी ५११ क्रमांकाची जागा असते आणि पडद्यामागच्या माणसांसाठी ५०८. या दुसऱ्या जागेत छायालेखन, संकलन, संगीत अशी नावं दिसतात. स्टंट ठरवणाऱ्याचं नाव मी तिथे क्वचितच पाहिलं आहे.

“मॅडम, इथे आणखी एक नाव घालता येईल का?” मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

“नोंदी आम्हाला बहुतेक तयारच मिळतात,” त्या म्हणाल्या. “पण भर घालता येते. तुम्ही नावं कुठून घेतलीत तेवढं सांगा, आणि यादी लिहून आणा. अंदाजाने मात्र काही लिहू नका.”

मी यादी करायला घेतली आहे. शेवटची नामावली फार वेगाने सरकते, म्हणून तीही थांबवूनच वाचावी लागते. जुन्या सिनेमांत तर अशी नावं नसतातच. ‘स्टेजकोच’च्या नामावलीत घोड्यांखाली गेलेल्या माणसाचा उल्लेख नाही. तिथे मला सिनेमाच्या इतिहासाची पुस्तकं काढून ताळा करावा लागतो, आणि ती त्याच इमारतीत, सिनेमांच्या कपाटापासून दोन रांगा पलीकडे आहेत. यादीत पहिलं नाव याकिमा कनटचं लिहिलं आहे.